तरुण शोधकाची पारख

सोन्याचा कस सोनार कसोटीवर पाहतो, रत्नाचें मोल जवाहिऱ्या सांगतो, आणि बैलाचे दांत पाहून शेतकरी त्याचें वय ओळखतो. या सर्व पारखी अनुभवानें साधतात. कारण काल पाहिलेल्या सोन्यासारखेंच आजचें सोनें असतें. परंतु एखाद्या बावीस वर्षांच्या तरुणानें आजवर कोणींच न पाहिलेल्या यंत्राची कल्पना पुढें मांडली, तर तिची पारख कोणत्या कसोटीवर करावी? येथें मागील अनुभव पुरा पडत नाहीं. उलट कित्येकदां तोच आडवा येतो. हा प्रश्न केवळ विद्वानांचा किंवा सरकारी खात्यांचा आहे असें कोणीं समजूं नये. ज्या घरांत मूल आहे आणि ज्या शाळेंत वर्ग आहे, तेथें तो केव्हां ना केव्हां उभा राहतोच. म्हणून या लेखांत आम्ही यंत्रशास्त्राच्या इतिहासांतील एक खरी हकीकत वाचकांपुढें ठेवीत आहों. ती जेट एंजिनाची, व तें घडविण्यासाठीं आपल्या तारुण्याचीं वर्षें वेंचणाऱ्या फ्रँक व्हिटल या इंग्रज शोधकाची आहे.

कारागिराचा मुलगा

फ्रँक व्हिटल याचा जन्म १ जून १९०७ रोजीं इंग्लंडांतील कॉव्हेंट्री शहरीं झाला. त्याचे वडील कारागीर होते. फ्रँक नऊ वर्षांचा असतां त्यांनीं जवळच्या लेमिंग्टन गांवीं एंजिनाच्या झडपा व दट्ट्यांचीं कडीं तयार करण्याचा एक लहानसा कारखाना विकत घेतला. कांहीं लेथ आणि एका सिलिंडराचें एक गॅस एंजिन, एवढाच त्याचा पसारा होता. या कारखान्यांत मुलगा वडिलांच्या हाताखालीं काम करी, आणि जितके नग तयार होतील तितकी मजुरी त्यास मिळे. शाळेनें नेमून दिलेल्या अभ्यासापेक्षां गांवच्या सार्वजनिक वाचनालयाकडे त्याचा ओढा अधिक असे. टर्बाइन व उड्डाणशास्त्र यांवरील पुस्तकें तो तेथें आवडीनें वाची. हातांस काम आणि मनास वाचन, अशी ही दुहेरी शाळा त्यास लाभली.

१९२३ सालीं त्यानें इंग्लंडच्या वायुसेनेंत उमेदवार म्हणून अर्ज केला. लेखी परीक्षेंत तो उतरला. परंतु त्याची उंची अवघी पांच फूट भरली, आणि प्रकृतीच्या तपासणींत त्यास परत पाठविण्यांत आलें. व्यायाम शिकविणाऱ्या एका शिक्षकानें मात्र त्याची कळकळ पाहून त्यास आहार व व्यायाम यांचा एक क्रम लिहून दिला. सहा महिन्यांत मुलाची उंची तीन इंच वाढली. तो पुन्हां गेला, तेव्हां एकदां नाकारलेल्यास पुन्हां संधि नाहीं असें उत्तर मिळालें. तरी त्यानें नाद सोडला नाहीं. जणूं प्रथमच येत आहों अशा रीतीनें त्यानें आणखी एक अर्ज केला, आणि या वेळीं तो घेतला गेला. वाचकहो, ज्या मुलास दारांतूनच दोनदां परत पाठविलें, त्याच्याच बुद्धीनें पुढें त्या वायुसेनेचा कायापालट झाला, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

क्रॅनवेल येथें उमेदवारीचीं तीन वर्षें त्यानें काढलीं. तेथील विमानांच्या नमुन्यांच्या मंडळांत तो रमे व स्वतःच्या हातानें नमुने तयार करून उडवी. हे नमुने आणि त्याची गणितांतील गति पाहून तेथील मुख्याधिकाऱ्यानें त्याची शिफारस केली, आणि १९२६ सालीं त्यास अधिकाऱ्यांच्या कॉलेजांत जागा मिळाली. उमेदवारांपैकीं फारच थोड्यांच्या नशिबीं असा योग येत असे. मुलाच्या खेळाकडे कौतुकानें पाहणारा एक वडीलधारा मनुष्य त्या ठिकाणीं होता, म्हणून हें घडलें.

कल्पना कोणती होती?

कॉलेजांत प्रत्येक विद्यार्थ्यास एक निबंध लिहावा लागे. व्हिटलनें १९२८ सालीं, वयाच्या एकविसाव्या वर्षीं, विमानांच्या पुढील प्रगतीवर निबंध लिहिला. त्यांत त्यानें असें मांडलें कीं, अति उंचावरून ताशीं ८०० किलोमीटरांच्या वेगानें विमानें जाऊं शकतील. त्या काळीं वायुसेनेच्या लढाऊ विमानांचा वेग ताशीं ३०० किलोमीटरांच्या आंतच होता. तेव्हां हें विधान किती धाडसाचें होतें, हें सहज कळेल.

त्याच्या विचाराची सरणी मात्र साधी होती, आणि आमच्या विद्यार्थ्यांस ती समजण्यास कठीण नाहीं. विमान वेगानें जाऊं लागलें कीं हवा त्यास अडविते. जसजसें वर जावें तसतशी हवा विरळ होते. १२ किलोमीटर उंचीवर तिची घनता समुद्रसपाटीवरील घनतेच्या सुमारें चतुर्थांश उरते. म्हणजे तेथें अडथळा कमी. परंतु त्या काळच्या विमानाचें एंजिन मोटारीच्या एंजिनासारखें, सिलिंडर व दट्ट्या यांचें होतें. त्यास जळणासाठीं हवा लागे, आणि विरळ हवेंत त्याचा दम कोंडे. शिवाय पुढील पंखा हवा मागें ढकलून विमान ओढी. हवाच विरळ झाली, तर तो ढकलणार काय? जेथें वेगानें जाणें सोपें, तेथेंच एंजिन व पंखा दोघेहि दुबळे होत, अशी ही अडचण होती.

व्हिटलनें प्रथम जुन्याच एंजिनाच्या साह्यानें हवेचा झोत मागें फेंकण्याचा विचार केला. परंतु त्यांत वजन फार वाढे. १९२९ सालीं, विटरिंग येथें शिक्षकाचें काम शिकत असतां, त्याच्या मनांत खरी कल्पना चमकून गेली. दट्ट्या नको, पंखाहि नको. त्यांच्या जागीं टर्बाइन असावें!

अशा एंजिनाचें कार्य चार पायऱ्यांत सांगतां येईल. पुढच्या तोंडानें हवा आंत घ्यावयाची. वेगानें फिरणाऱ्या दाबयंत्रानें ती दाबावयाची. दाबलेल्या हवेंत तेल फवारून तें जाळावयाचें, म्हणजे ती तापून प्रसरण पावते. तो तप्त वायु पाठीमागून बाहेर पडतांना वाटेंत टर्बाइनचीं पातीं फिरवितो. आणि टर्बाइन व दाबयंत्र एकाच दांड्यावर बसविलेलीं असल्यामुळें दाबयंत्र आपोआप फिरत राहतें. उरलेल्या जोराचा झोत मागें सुटतो, आणि न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणें विमान पुढें ढकललें जातें. फुगविलेल्या फुग्याचें तोंड सोडलें कीं फुगा पुढें धांवतो, तेंच तत्त्व येथें आहे. सिलिंडरांत हीं कामें एकामागून एक होतात. येथें तीं अखंड चालतात. म्हणून लहान आकाराच्या यंत्रांतून मोठी शक्ति निघते.

न्यायाच्या दृष्टीनें हेंहि सांगितलें पाहिजे कीं, ही कल्पना जगांत अगदीं एकट्या व्हिटलचीच नव्हती. तप्त वायूनें फिरणाऱ्या टर्बाइनचें पेटंट जॉन बार्बर यानें १७९१ सालीं घेतलें होतें, आणि मॅक्सिम गीयोम या फ्रेंच गृहस्थानें १९२१ सालीं विमानासाठीं तशाच धर्तीच्या एंजिनाचें पेटंट मिळविलें होतें. परंतु कागदावरील कल्पना निराळी आणि फिरणारें यंत्र निराळें.

विद्वानांचा नकार

विटरिंग येथें पॅट जॉन्सन नांवाचा एक शिक्षक होता. वायुसेनेंत येण्यापूर्वीं तो पेटंटांचें काम करीत असे. व्हिटलची कल्पना ऐकून त्यानें ती हंसण्यावारीं नेली नाहीं. तो त्यास मुख्याधिकाऱ्याकडे घेऊन गेला, आणि तेथून प्रकरण हवाई खात्याकडे पोहोंचलें. खात्यानें ती कल्पना ए. ए. ग्रिफिथ या शास्त्रज्ञाकडे अभिप्रायासाठीं सोंपविली. ग्रिफिथ हा कांहीं सामान्य मनुष्य नव्हता. टर्बाइनच्या पात्यांविषयीं १९२६ सालीं त्यानें स्वतः महत्त्वाचा निबंध लिहिला होता. त्यानें व्हिटलच्या आंकडेमोडींतील एक चूक दाखविली, आणि ही योजना व्यवहार्य नाहीं असें मत दिलें. खात्यानें आपणांस यांत स्वारस्य नसल्याचें कळविलें.

ग्रिफिथचे आक्षेप पोकळ नव्हते. समजा, टर्बाइननें शंभर भाग शक्ति उत्पन्न केली, आणि दाबयंत्रानेंच त्यांतील पंचाण्णव भाग खाऊन टाकली, तर विमान ढकलण्यास उरलें काय? पूर्वींच्या प्रयोगांत असेंच घडलें होतें. शिवाय लाल होईपर्यंत तापून भयंकर वेगानें फिरत असतांहि न वितळणारी व न ताणली जाणारी धातु त्या काळीं उपलब्ध नव्हती. म्हणजे परीक्षकानें आज काय साधत नाहीं तें बरोबर सांगितलें. परंतु उद्यां काय साधेल याचा विचार त्यानें केला नाहीं. 'आज नाहीं' आणि 'कधींच नाहीं' या दोन वाक्यांत जें अंतर आहे, तेंच त्या निकालांत हरवलें. व्हिटलचें म्हणणें असें होतें कीं, विमान वेगानें जात असतां समोरची हवा आपोआपच कांहीं दाबली जाते, उंचावरील थंड हवेचाहि फायदा मिळतो, आणि दाबयंत्र व टर्बाइन आजच्यापेक्षां अधिक कार्यक्षम करतां येतील. काळानें त्याचें म्हणणें खरें ठरविलें.

जॉन्सनच्या सल्ल्यानें व साह्यानें व्हिटलनें जानेवारी १९३० मध्यें पेटंटासाठीं अर्ज केला. त्या वेळीं त्याचें वय बावीस वर्षांचें होतें. सरकारास ही कल्पना महत्त्वाची वाटली नाहीं, म्हणून ती गुप्त ठेवण्याचीहि तसदी कोणीं घेतली नाहीं. पेटंट मंजूर होऊन प्रसिद्ध झालें, आणि जगांतील कोणालाहि तें वाचण्यास मोकळीक झाली. व्हिटलनें कारखानदारांचीं दारें ठोठावलीं. परंतु प्रयोगास लागणारा खर्च ऐकून प्रत्येकानें हात आखडता घेतला.

पांच पौंडांची गोष्ट

मध्यंतरीं वायुसेनेनें एक गोष्ट चांगली केली. व्हिटलची यंत्रविद्येंतील हुशारी पाहून तिनें त्यास हेन्लो येथील अभ्यासक्रमास पाठविलें, आणि १९३४ सालीं केंब्रिज विद्यापीठांत धाडलें. म्हणजे त्याच्या कल्पनेवर विश्वास नसला, तरी त्याच्या बुद्धीवर होता. परंतु नेमक्या याच काळीं, जानेवारी १९३५ मध्यें, पेटंटाची मुदत वाढविण्यासाठीं पांच पौंड भरण्याची वेळ आली. संसारी विद्यार्थ्यास ते जड होते, आणि कल्पनेवरील त्याची आशाहि मावळत चालली होती. हवाई खात्यानें ही रक्कम सरकारी पैशांतून भरण्यास नकार दिला. पांच पौंड भरले गेले नाहींत, आणि पेटंट रद्द झालें. पुढें ज्या एंजिनानें जगाचा प्रवास बदलून टाकला, त्यावरील हक्क अशा रीतीनें एका लहानशा रकमेसाठीं सुटला.

येथें ही कथा संपली असती. परंतु त्याच वर्षाच्या मे महिन्यांत व्हिटलला त्याच्या क्रॅनवेलच्या एका जुन्या सहाध्यायाचें पत्र आलें. त्याचें नांव रॉल्फ डडली-विल्यम्स. त्यास मित्राच्या कल्पनेची आठवण होती. तो व त्याचा भागीदार टिन्लिंग हे दोघे भांडवल जमविण्याच्या खटपटीस लागले, आणि १९३६ सालीं 'पॉवर जेट्स' नांवाची एक चिमुकली कंपनी निघाली. व्हिटल वायुसेनेचा नोकर असल्यामुळें त्यास या कामासाठीं आठवड्यांतून सहा तासांहून अधिक वेळ देण्याची परवानगी नव्हती. त्याच वर्षीं त्यास केंब्रिजची पदवीपरीक्षाहि द्यावयाची होती. ती त्यानें पहिल्या वर्गांत उत्तीर्ण केली.

१२ एप्रिल १९३७ रोजीं रग्बी येथील कारखान्यांत त्याचें पहिलें एंजिन सुरू झालें. सुरू झालें, तें थांबेचना! आंत गळून सांचलेलें तेल पेटल्यामुळें, झडप बंद केली तरी एंजिनाचा वेग वाढतच गेला. भोंवतालचे लोक भीतीनें पळाले. व्हिटल मात्र यंत्राजवळ उभा राहिला. अखेर तेल संपलें, आणि एंजिन हळूहळू शांत झालें. पुढील दिवसांतहि असेच प्रकार घडले. परंतु प्रत्येक फजितींतून कांहीं तरी कळत होतें. तेल कोठें सांचतें, ज्योत कोठें विझते, पातीं कोठें ताणलीं जातात, हें पाहून एकेक दोष दूर करण्यांत आला. मोठ्या शक्तीनें व लहानशा जागेंत तेल अखंड जळत ठेवणें, हें काम सर्वांत कठीण ठरलें.

या वर्षांत सर हेन्री टिझार्ड यांसारख्या जाणत्या शास्त्रज्ञानें या प्रयोगास पाठिंबा दिला. १९३९ च्या उन्हाळ्यांत हवाई खात्याच्या संशोधनाधिकाऱ्यानें एंजिन समोर चालतांना पाहिलें, आणि मग खात्याचें मत पालटलें. ग्लॉस्टर कंपनीस विमान बांधण्याचें काम मिळालें. १५ मे १९४१ रोजीं संध्याकाळीं, जेरी सेअर या वैमानिकानें तें विमान उडविलें. पहिलें उड्डाण १७ मिनिटांचें झालें. आणि तें कोठें, तर क्रॅनवेल येथेंच! जेथें तेरा वर्षांपूर्वीं एका विद्यार्थ्यानें निबंध लिहिला होता, त्याच ठिकाणच्या आकाशांत त्या निबंधाचें प्रत्यक्ष उत्तर उडत होतें.

दुसरा तरुण

याच सुमारास जर्मनींत आणखी एक तरुण याच वाटेनें चालला होता. हान्स फॉन ओहाइन याचा जन्म १९११ सालचा. गटिंगेन विद्यापीठांत पदार्थविज्ञानाचा अभ्यास करीत असतां, १९३३ सालीं, त्याच्याहि मनांत पंख्याविना उडणाऱ्या विमानाची कल्पना आली. माक्स हान नांवाच्या मोटार दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीकडून त्यानें स्वतःच्या खर्चानें एक नमुना करवून घेतला. तो नमुना नीट चाललाच नाहीं; त्याच्या मागून ज्वाळा तेवढ्या निघाल्या. परंतु त्याचे अध्यापक पोल यांनीं 'हा नाद सोड' असें त्यास म्हटलें नाहीं. त्यांनीं विमानांचे कारखानदार हाइनकेल यांस शिफारसपत्र लिहिलें. हाइनकेल यांनीं १९३६ सालीं ओहाइन व तो मिस्त्री हान या दोघांसहि कामावर घेतलें.

ओहाइननें एक शहाणपणाची गोष्ट केली. द्रव तेल नीट जाळणें कठीण आहे हें ओळखून त्यानें पहिलें एंजिन हायड्रोजन वायूवर चालवून दाखविलें, आणि मालकाचा विश्वास संपादन केला. कठीण प्रश्न त्यानें मागाहून सोडविला. २७ ऑगस्ट १९३९ रोजीं एरिख वारसित्स या वैमानिकानें त्याच्या एंजिनाचें विमान उडविलें. जेट एंजिनावर उडालेलें तें जगांतील पहिलें विमान होय. त्या वेळीं ओहाइनचें वय सत्तावीस वर्षांचें होतें.

दोन्ही हकीकती शेजारीं ठेवून पाहिल्या, तर काय दिसतें? व्हिटलनें पेटंट ओहाइनच्या आधीं कित्येक वर्षें घेतलें. परंतु त्याचें विमान जवळजवळ पावणेदोन वर्षें मागून उडालें. बुद्धींत तो उणा होता असें नव्हे. एकास कल्पनेपासून उड्डाणापर्यंत पोहोंचण्यास सहा वर्षें लागलीं, दुसऱ्यास बारा. आणि हा फरक मुख्यतः भोंवतालच्या मनुष्यांमुळें पडला. ही वेळ दोन राष्ट्रांमधील भयंकर युद्धाची होती. तेव्हां या विलंबाची किंमत केवळ एका तरुणाच्या मनस्तापानें मोजतां येत नाहीं.

उशिरां आलेला मान

व्हिटलचा गौरव झाला नाहीं असें कोणीं म्हणूं नये. १९४८ सालीं शोधकांच्या पारितोषिकांचा निर्णय करणाऱ्या राजनियुक्त मंडळानें त्यांस एक लक्ष पौंड दिले, आणि त्याच वर्षीं ते 'सर' झाले. परंतु तोंवर वर्षानुवर्षांच्या श्रमानें व काळजीनें त्यांची प्रकृति ढांसळली होती, आणि त्याच सालीं त्यांस वायुसेनेंतून निवृत्त व्हावें लागलें. ज्या पेटंटासाठीं पांच पौंड निघाले नव्हते, त्याच्या शोधासाठीं वीस हजार पट रक्कम द्यावी लागली. पण खर्ची पडलेलें तारुण्य व आरोग्य त्या रकमेनें परत मिळालें नाहीं.

अमेरिकेंतील राष्ट्रीय अभियांत्रिकी अकादमीनें १९८९ सालापासून ड्रेपर पारितोषिक देण्यास प्रारंभ केला. यंत्रविद्येंतील थोर कामगिरीबद्दल तें दिलें जातें. १९९१ सालीं तें सर फ्रँक व्हिटल व फॉन ओहाइन या दोघांस मिळून देण्यांत आलें. एके काळीं परस्परांच्या शत्रुराष्ट्रांत राहून एकच कोडें सोडविणारे हे दोघे पुढें अमेरिकेंत भेटले होते, आणि त्यांचा स्नेह जुळला होता. व्हिटल १९९६ सालीं व ओहाइन १९९८ सालीं निवर्तले.

त्यांच्या मागून हें संशोधन थांबलेलें नाहीं. ग्रिफिथनें जी धातूची अडचण सांगितली होती, तिच्यावर शास्त्रज्ञांनीं एकामागून एक मिश्रधातु शोधून मात केली. आज टर्बाइनचें एकेक पातें निकेलच्या मिश्रधातूच्या एकाच अखंड स्फटिकाचें ओततात, म्हणजे कणाकणांमधील सांधे फुटण्याचें भयच उरत नाहीं. पात्याच्या आंत बारीक वाटा ठेवून त्यांतून थंड हवा खेळवितात. त्यामुळें धातूच्या वितळण्याच्या मर्यादेहून अधिक तापलेल्या वायूंतहि तें टिकतें. कांहीं नव्या एंजिनांत धातूच्या जागीं तंतूंनीं बळकट केलेल्या चिनी मातीसारख्या पदार्थाचे भाग वापरूं लागले आहेत. प्रवासी विमानांच्या एंजिनांत पुढें भला मोठा पंखा असतो, आणि बरीचशी हवा ज्वाळेंत न शिरतां बाहेरूनच मागें जाते. यानें तेलाची बचत होते व आवाजहि कमी होतो. ही युक्ति व्हिटलनें स्वतःच १९३६ च्या सुमारास सुचविली होती.

आमच्याकडील एक उदाहरण

महाराष्ट्रांतील वाचकांस या ठिकाणीं शंकर आबाजी भिसे यांची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं. त्यांचा जन्म १८६७ सालीं मुंबईस झाला. आपोआप वजन करून माल देणाऱ्या त्यांच्या यंत्रानें लंडनच्या एका नियतकालिकाची स्पर्धा जिंकली होती. पुढें ते विलायतेस गेले, आणि छपाईचे टाइप ओतणाऱ्या यंत्रावर त्यांनीं वर्षानुवर्षें श्रम केले. दादाभाई नौरोजींनीं त्यांच्या गुणांची पारख करून त्यांस हात दिला. तरी पुरेशा भांडवलाची वाण त्यांस वारंवार भासली. अखेर अमेरिकेंत त्यांच्या कार्यास जागा मिळाली, आणि १९३५ सालीं न्यूयॉर्क येथें त्यांचा अंत झाला. कॉव्हेंट्रीच्या कारागिराच्या मुलास जें सोसावें लागलें, तेंच दूर देशीं, परक्या लोकांत आमच्या मुंबईकरासहि सोसावें लागलें.

आज परिस्थिति पुष्कळ सुधारली आहे. शाळकरी मुलांच्या नव्या कल्पनांस उत्तेजन देण्यासाठीं भारत सरकारची 'इन्स्पायर-मानक' ही योजना आहे. निवडलेल्या विद्यार्थ्यास आपल्या कल्पनेचा नमुना तयार करण्यासाठीं दहा हजार रुपये मिळतात, व पुढें जिल्ह्याच्या, राज्याच्या आणि राष्ट्राच्या प्रदर्शनांत तो मांडतां येतो. नमुना करण्यास पैसा आधीं मिळावा, हें त्या योजनेचें मर्म आम्हांस विशेष महत्त्वाचें वाटतें. कारण व्हिटलला नेमकें हेंच मिळालें नव्हतें.

आम्हीं काय घ्यावें?

या सर्व हकीकतींतून कांहीं गोष्टी स्पष्ट होतात. पहिली ही कीं, पारख करणारा मनुष्य शोधकाहून अधिक विद्वान असलाच पाहिजे असें नाहीं. व्यायामशिक्षक, पॅट जॉन्सन, डडली-विल्यम्स, अध्यापक पोल, यांपैकीं कोणींहि जेट एंजिन शोधलें नाहीं. त्यांनीं ऐकून घेतलें, योग्य दार दाखविलें, आणि विसर पडूं दिला नाहीं. एवढें तर कोणत्याहि आईबापांस व शिक्षकांस करतां येतें. मुलगा किंवा मुलगी कांहीं नवें सांगूं लागली, तर 'हें होणार नाहीं' असें म्हणण्यापूर्वीं 'हें कां होणार नाहीं, आणि काय केलें असतां होईल?' असें विचारावें. त्या एका प्रश्नानें कच्ची कल्पना आपोआप गळून पडते, आणि पक्की कल्पना अधिक घट्ट होते.

दुसरी गोष्ट विद्यार्थ्यांनीं ध्यानांत घ्यावी. ग्रिफिथनें दाखविलेली आंकडेमोडींतील चूक खरीच होती. परीक्षकानें दोष दाखविला म्हणून रुसून बसूं नये, आणि तो आपला वैरी आहे असें मानूं नये. व्हिटलनें नकार मिळाल्यावर हेन्लोस व केंब्रिजला जाऊन आपलें गणित व यंत्रशास्त्र पक्कें केलें. केवळ कल्पनेच्या बळावर तो बसून राहिला असता, तर त्याचें नांव आज कोणास ठाऊकहि नसतें. कल्पना हें बीज आहे. परंतु नांगरणी, पेरणी आणि राखण केल्याविना कोणतेंहि बीज पीक देत नाहीं.

तिसरी गोष्ट अशी कीं, साह्याला वेळ असते. रोप कोमेजत असतां तांब्याभर पाणी घातलें तर तें जगतें. वाळून गेल्यावर आडांतील सर्व पाणी ओतलें तरी उपयोग नाहीं. मोठीं पारितोषिकें, पदव्या व सत्कार हे योग्यच आहेत, आणि ते व्हावेतहि. परंतु तरुण शोधकास त्यांहून अधिक गरज असते ती थोड्या सामग्रीची, थोड्या मोकळ्या वेळाची, आणि आपल्यावर विश्वास ठेवणाऱ्या एका मनुष्याची.

आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कोणीं घरच्या मोडक्या घड्याळाचीं चाकें उलगडून पाहत असेल, कोणीं विहिरीवरील पंपाजवळ उभा राहून त्याचा आवाज ऐकत असेल, तर कोणीं वहीच्या मागच्या पानावर एखाद्या यंत्राची आकृति काढीत असेल. त्या पानाकडे वडीलमाणसांनीं एकदां लक्षपूर्वक पाहावें, आणि त्या मुलानें तें पान जपून ठेवून त्याखालीं आपलें गणित मांडावें, एवढीच आमची विनंती आहे.